जुन्या मुंबईची चित्रकार्डं: साल कसं काढायचं, गोष्ट कुठे शोधायची

प्रश्न थोडक्यात असा आहे: आजोबांच्या पेटीत जुन्या मुंबईची तीस-चाळीस चित्रकार्डं निघाली. काही कोरी, काही टपालानं आलेली. ती कधीची हे कसं ओळखायचं, चित्रामागचा इतिहास कुठे शोधायचा, आणि संग्रह पुढे वाढवायचा तर कसा?

सगळ्यात आधी तीन गोष्टी करू नका. ओल्या फडक्यानं पुसू नका, तिकिटं पाण्यात टाकून सोडवू नका, आणि लॅमिनेशन करून घेऊ नका. पहिल्या दोन्हींत निम्मा पुरावा जातो, तिसऱ्यात कार्डच जातं.

आता सालाकडे. चित्रकार्डाला एक तारीख नसते, तीन असतात: फोटो काढला ती, कार्ड छापलं ती, आणि कुणीतरी ते टपालात टाकलं ती. नवे संग्राहक शिक्का वाचतात आणि 'हे १९११ चं कार्ड' म्हणून मोकळे होतात. शिक्का एवढंच सांगतो की चित्र त्यानंतरचं नाही. स्टुडिओवाले जुन्या काचेच्या निगेटिव्ह वर्षानुवर्षं वापरत आणि दुकानात उरलेला माल पुढची कित्येक वर्षं विकला जाई. त्यामुळे तिन्ही तारखा वेगवेगळ्या काढायच्या. त्या एकमेकींशी जुळल्या नाहीत की समजा, खरी गंमत तिथेच आहे.

सुरुवात पाठीपासून करा. भारतात सरकारी पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ रोजी, पाव आण्याला म्हणजे जुन्या एका पैशाला. त्यावर चित्र नव्हतं. चित्राची कार्डं आपल्याकडे रुळली एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी. तेव्हा अख्खी पाठ पत्त्यासाठी राखलेली असे; मजकूर लिहायचा तो चित्राच्या बाजूला, उरलेल्या पांढऱ्या पट्टीत. म्हणून सुरुवातीच्या कार्डांत राजाबाई टॉवरच्या आकाशात कुणाची तरी 'सगळे खुशाल' अशी इंग्रजी ओळ दिसते. चित्र खराब झालं म्हणून ते कार्ड बाजूला टाकू नका, तीच त्या काळाची खूण आहे. १९०२ मध्ये ब्रिटननं पाठीचे दोन भाग करायला परवानगी दिली, डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता. बाकीचे देश पुढच्या काही वर्षांत त्याच वाटेनं गेले. तेव्हा मधे उभी रेघ असेल तर ते छापील कार्ड १९०२ च्या अलीकडचं, हे पक्कं धरा.

पाठीवर छपाईचं ठिकाण असतं. 'सॅक्सनी' किंवा 'जर्मनी' असेल तर बहुधा ऑगस्ट १९१४ च्या आधीची छपाई, कारण महायुद्ध सुरू झालं आणि जर्मन छापखान्यांशी व्यवहार तुटला. प्रकाशकाचं नाव टिपून ठेवा. मुंबईत क्लिफ्टन आणि फोटोटाइप कंपनी, कलकत्त्यात जॉन्स्टन अँड हॉफमन, मद्रासला वील अँड क्लाइन, दिल्लीत एच. ए. मिर्झा, ही नावं पुन्हा पुन्हा भेटतील. लंडनच्या राफाएल टकची 'ऑइलेट' कार्डं तैलचित्रासारखी रंगवलेली असतात आणि ती मालिका १९०३ पासूनची. टकची लंडनमधली इमारत २९ डिसेंबर १९४० च्या बॉम्बफेकीत जळाली आणि कंपनीचं दफ्तर गेलं, म्हणून त्यांच्या कार्डांच्या याद्या संग्राहकांना कार्डं गोळा करत उलट्या बाजूनं पुन्हा बांधाव्या लागल्या.

तिकीट आणि शिक्का यांचंही थोडं गणित आहे. सातव्या एडवर्डचं तिकीट १९०२ पासून, पाचव्या जॉर्जचं १९११ पासून. एडवर्डच्या अर्ध्या आणि एक आण्याच्या तिकिटावर 'पोस्टेज अँड रेव्हेन्यू' असे शब्द असतील तर ते १९०६ किंवा नंतरचं. देशातल्या देशात कार्डाला पाव आणा, विलायतेला एक आणा. १९२२ मध्ये देशातला दर अर्धा आणा झाला. शिक्क्यात 'सी पोस्ट ऑफिस' दिसलं तर कार्ड जपून ठेवा. मुंबई ते एडन या वाटेवर टपालबोटीतच कारकून बसून पत्रं निवडत, आणि १८६८ मध्ये सुरू झालेली ही सोय १९१४ पर्यंत चालली. 'एक्सपेरिमेंटल पी. ओ.' असा शिक्का म्हणजे एखाद्या गावात चाचणी म्हणून उघडलेलं टपाल कार्यालय. ते चाललं तर कायम, नाही तर बंद.

पाठ संपली. आता चित्र, आणि इथे तुम्हाला दहापटीचं एक साधं भिंग लागेल.

मुंबईच्या चित्रांचं बरं आहे; हे शहर सतत काहीतरी बांधत, पाडत आणि हलवत आलंय, त्यामुळे खुणा भरपूर. हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी रोड घ्या. ट्रामला घोडे जुंपलेत की वर तार आहे? घोड्यांची ट्राम १८७४ ची, विजेची ७ मे १९०७ पासून. ट्राम दुमजली असेल तर १९२० च्या अलीकडचं चित्र. बोरीबंदरच्या आसपासचं दृश्य असेल तर जनरल पोस्ट ऑफिसचा घुमट शोधा. जॉन बेगनं विजापूरच्या गोलघुमटाची आठवण ठेवून बांधलेली ही इमारत १९१३ मध्ये पूर्ण झाली. व्ही. टी.च्या, म्हणजे आजच्या सीएसएमटीच्या, फलाटांवर किंवा रुळांवर विजेच्या तारा दिसल्या तर ते ३ फेब्रुवारी १९२५ च्या आसपासचं किंवा नंतरचं, कारण त्या दिवशी व्ही. टी. ते कुर्ला ही हार्बरची पहिली विजेची गाडी धावली. चौपाटीपासून चर्चगेटकडे पाहणाऱ्या चित्रात समुद्राला लागून रूळ आहेत आणि मरीन ड्राइव्हचा पत्ताच नाही, असं असेल तर ते भराव पडण्याआधीचं. तीच लाइन पुढे कुलाब्यापर्यंत जायची आणि कुलाबा स्टेशन १९३० च्या अखेरीस बंद झालं. कुलाबा टर्मिनसचं कार्ड बाजारात आलं की माझा हात आधी पुढे जातो.

सगळ्यात सोपी जागा अपोलो बंदर. ताज १६ डिसेंबर १९०३ ला उघडलं. गेटवेचा पायाचा दगड ३१ मार्च १९११ ला बसला, पण कमान लोकांना खुली झाली ४ डिसेंबर १९२४ ला. म्हणजे ताज आहे आणि गेटवे नाही, अशी असंख्य कार्डं या एकवीस वर्षांतली. त्यातही एखाद्यात बंदरावर पांढरा मंडप किंवा कमान दिसेल. डिसेंबर १९११ मध्ये पाचवा जॉर्ज उतरला तेव्हा दगडी गेटवे कुठे होता, तेव्हा तात्पुरता देखावा उभारला होता. अशा कार्डातल्या चित्राची तारीख जवळजवळ आठवड्यावर येते.

ताजच्या समुद्राकडच्या बाजूचं कार्ड कुणालाही दाखवा, तो 'इमारत उलटी बांधली गेली आणि आर्किटेक्टनं जीव दिला' ही कथा सांगणारच. कथा रंगतदार आहे, खरी नाही. मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य काम चालू असतानाच मलेरियानं वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी इमारत पुरी केली. प्रवेश मुळातच शहराच्या बाजूनं ठेवलेला होता. त्या बाजूची कार्डं समुद्राच्या बाजूपेक्षा कितीतरी कमी सापडतात, कारण बोटीतून उतरणाऱ्या गोऱ्या प्रवाशाला हवं होतं ते बंदरावरून दिसणारं दृश्य. कार्ड कुणासाठी छापलं गेलं, हा प्रश्न प्रत्येक चित्राला विचारा. काय दाखवलं नाही तेही त्यातून कळतं. त्याच काळात प्लेगनं मुंबई ओस पडत होती, गिरणगावात चाळी भरत होत्या. त्यांची कार्डं शोधायला जाल तर हाताला फार थोडं लागेल.

एक चित्र जरा सावकाश पाहू. तुमच्या गठ्ठ्यात ते असण्याची शक्यता बरीच आहे, कारण हे फार खपलेलं कार्ड आहे: नक्षीदार दगडी छत्रीखाली बसलेली संगमरवरी व्हिक्टोरिया राणी, खाली मथळा 'क्वीन्स स्टॅच्यू'. पुतळा मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराचा, पैसे बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांचे, उभारला १८७२ मध्ये. जागा एस्प्लनेडवर, म्हणजे फोर्टालगतच्या मोकळ्या मैदानाच्या भागात, तार ऑफिसजवळच्या चौकात. कार्डात सगळं स्वच्छ, पांढरंशुभ्र, खाली एखादी व्हिक्टोरिया घोडागाडी उभी. पण ऑक्टोबर १८९६ मध्ये एका रात्री याच पुतळ्याच्या तोंडाला डांबर फासलं गेलं आणि गळ्यात जोड्यांची माळ पडली. शहरभर गहजब झाला, करणारा सापडला नाही. पुढे रँडच्या खुनानंतर पकडले गेलेल्या दामोदर चापेकरांनी आपल्या निवेदनात हे काम स्वतःचं असल्याचं लिहिलं. डांबर संगमरवरात मुरलेलं, कुणाला निघेना. शेवटी काढलं ते प्रा. त्रिभुवनदास गज्जर या रसायनतज्ज्ञानं.

आता तेच कार्ड भिंगाखाली धरा. सालाच्या दृष्टीनं ते १९०५-१० चं असेल, चित्रातला चेहरा पांढरा आहे, आणि त्या पांढरेपणामागे गज्जरांची प्रयोगशाळा आहे. जुन्या निगेटिव्हवरून छापलेलं असेल तर डांबराआधीचा चेहरा. दोन्हींत फरक कसा करायचा? चेहऱ्यावरून होत नाही. मागची झाडं, दिव्याचे खांब, रस्त्यावरची ट्रामची तार यांवरून होतो. स्वातंत्र्यानंतर पुतळा चौकातून हलला. तो आज भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे, छत्रीशिवाय. त्याच भायखळ्याला राणीच्या बागेत 'काळा घोडा'ही गेला, म्हणजे युवराज एडवर्डचा बोएमनं घडवलेला अश्वारूढ पुतळा. १८७९ पासून १९६५ पर्यंत तो जागेवर होता, आणि चौकाला नाव देऊन गेला. आता तिथे २०१७ मध्ये बसवलेला स्वाराशिवायचा घोडा आहे. काळ्या घोड्याच्या कार्डावर स्वार आहे की नाही, एवढं पाहिलं तरी निम्मा निकाल लागतो.

चित्रावर डोळे झाकून विश्वास मात्र ठेवू नका. छापणारे तारा खोडायचे, ढग चिकटवायचे, भरदुपारच्या फोटोवर निळा रंग आणि एक चंद्र टाकून 'मूनलाइट' म्हणून विकायचे. सावल्या पाहा: चंद्र एकीकडे आणि सावल्याही तिकडेच पडलेल्या, असं हमखास सापडतं. रंग तर बहुतेक वेळा युरोपातल्या कारागिरानं भरलेले, ज्यानं मुंबई कधी पाहिलेली नसे. म्हणून एकाच व्ही. टी.ची कौलं एका कार्डात लाल, दुसऱ्यात हिरवी. रंगावरून इमारतीबद्दल काहीही सिद्ध करायला जाऊ नका. सावल्या आणि घड्याळं मात्र सहसा खरी. व्ही. टी.चं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे दर्शनी भाग उन्हात न्हालेला असेल तर फोटो दुपारनंतरचा. ताजची समुद्राकडची बाजू पूर्वेला, तिथे उलट. राजाबाई टॉवरचं घड्याळ चांगल्या छपाईच्या कार्डात भिंगानं चक्क वाचता येतं.

भिंग हातात आहेच तर छपाईही ओळखा. सारख्या अंतरावर ठिपक्यांची जाळी दिसली तर हाफटोन. ठिपके नाहीत, पण बारीक, वाकडंतिकडं, सुरकुतल्यासारखं दाणेदार पोत दिसलं तर कोलोटाइप. जुनी चांगली कार्डं बरीचशी यात आहेत. काहीच दिसत नाही, काळ्या-करड्या छटा सलग आहेत आणि गडद भागाच्या कडेला तिरकं धरल्यावर चांदीसारखी चकाकी येते, तर तो खरा फोटो, ब्रोमाइड कागदावर काढलेला. अशी कार्डं थोड्या प्रतींत निघत, कधी कधी एखाद्याच कुटुंबापुरती. आजची संगणकावरची नक्कल भिंगाखाली लगेच उघडी पडते. शंका उरली तर अंधारात अतिनील टॉर्च मारा. साधारण १९५० नंतरच्या बऱ्याच कागदांत उजळपणासाठी घातलेलं रसायन निळसर चमकतं, जुना कागद मंद राहतो.

दगडी छपाईची, म्हणजे लिथोची कार्डं वेगळी ठेवा. त्यात आपल्या लोकांचं काम आहे. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये गिरगावात निघाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. तिथल्या कार्डांवर 'कार्ला-लोणावळा' असा पत्ता वाचून लोकांना आश्चर्य वाटतं. महादेव विश्वनाथ धुरंधरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या नमुनेदार माणसांची रंगीत कार्डं काढली. चित्राच्या कोपऱ्यात सही पाहा. गोऱ्या स्टुडिओवाल्यांच्या 'नेटिव्ह टाइप्स' शेजारी ती ठेवली की नजरेतला फरक कळतो. धुरंधरांची माणसं काहीतरी करत असतात. स्टुडिओतली बसवलेली असतात.

त्या 'टाइप्स'बद्दल. 'मराठा वुमन', 'डान्सिंग गर्ल', 'स्नेक चार्मर' असे मथळे असलेली कार्डं तुम्हाला ढिगानं मिळतील. एकच फोटो एका प्रकाशकाकडे मुंबईची बाई म्हणून आणि दुसऱ्याकडे मद्रासची म्हणून छापलेला मी पाहिला आहे. मथळा हा विकणाऱ्याचा शब्द, चित्रातल्या बाईचा नव्हे. तिचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही. अशा कार्डात मी लुगड्याचा नेस, दागिने, मागचा रंगवलेला पडदा आणि टेबलाचे पाय बघतो. एकाच स्टुडिओचा पडदा वेगवेगळ्या 'प्रांतां'च्या बायकांमागे लटकलेला दिसला की फोटो कुठे काढला ते कळतं.

शोध कुठे घ्यायचा? प्रकाशकाचा पत्ता त्या काळच्या व्यापारी डिरेक्टऱ्यांत वर्षवार सापडतो. दुकान कोणत्या रस्त्यावर कधी होतं हे कळलं की कार्डाची छपाई दोन-चार वर्षांत येऊन बसते. मुंबई शहराचं तीन खंडांचं गॅझेटियर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ, १९०९-१० चं आहे, म्हणजे चित्रकार्डांच्या ऐन बहराचं. टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार इथे जुने नकाशे आणि वर्तमानपत्रं मिळतात. रस्त्यांच्या जुन्या-नव्या नावांची एक वही करा: एल्फिन्स्टन सर्कल म्हणजे हॉर्निमन सर्कल, चर्चगेट स्ट्रीट म्हणजे वीर नरिमन रोड, क्वीन्स रोड म्हणजे महर्षी कर्वे रोड. मग कार्डाची छायाप्रत घेऊन त्या जागी जा. फोर्टात आजही कोपऱ्यावरची कमान, गॅलरीचा कठडा, पाण्याचा हौद जुळतो, आणि कॅमेरा कोणत्या इमारतीच्या कितव्या मजल्यावर होता इथपर्यंत पोचता येतं.

लिहिलेल्या मजकुराला चित्राइतकाच वेळ द्या. देवळालीच्या छावणीतून घरी पाठवलेली शिपायांची कार्डं, माथेरानची रिक्षा दाखवून 'इथे थंड आहे' लिहिणाऱ्या मडमा, हे तर मिळेलच. पण आपल्या माणसांनी पाठवलेल्या एखाद्या कार्डावर मोडी दिसली तर ते वाचून घ्या. शासनाचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. तिथे शिकलेले बरेच जण हौसेनं मदत करतात. मुंबईच्या देखाव्यामागे कोकणातल्या भावाला पाठवलेला दोन ओळींचा हिशोब निघाला तर ते कार्ड माझ्या लेखी ताजच्या दहा कार्डांपेक्षा मोलाचं.

वाढवायचं तर विषय अरुंद धरा. 'मुंबई' फार मोठी. 'ट्राम' चालेल, 'हॉर्नबी रोड' चालेल, 'पुण्याचे पूल' तर फारच छान, कारण १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरानं नदीकाठचं पुणं बदललं आणि त्याआधीचा काठ कार्डांत शिल्लक आहे. गोव्याची कार्डं पोर्तुगीज मथळ्याची, पणजीला 'नोव्हा गोवा' म्हणणारी. तो एक स्वतंत्र संसार आहे. खरेदीला पुण्याचा जुना बाजार बुधवारी-रविवारी, मुंबईत चोरबाजार, आणि नाण्या-तिकिटांची प्रदर्शनं. पण हेही लक्षात घ्या की ही कार्डं पाठवण्यासाठी होती, त्यामुळे मुंबईची उत्तम कार्डं आज इंग्लंडात जास्त आहेत आणि ऑनलाइन लिलावातूनच परत येतात. ताज, व्ही. टी., मलबार हिल यांना जास्त पैसे मोजू नका. छोटी गावं, बाजार, गिरण्या, मिरवणुका, खरे फोटो यांना मोजा. कोपरा दुमडला असला तरी चालेल. चित्र दुर्मीळ हवं.

जपणूक साधी आहे. पीव्हीसीच्या पाकिटांतून वाफा सुटतात आणि शाई चिकटते, म्हणून पॉलिप्रोपिलीन किंवा मायलरची पाकिटं घ्या. चिकट पानांचे अल्बम आणि सेलोटेप नकोत. आपल्या पावसाळ्यात बुरशी आणि कसर हे दोन शत्रू. पेटी भिंतीला लावून ठेवू नका, आत सिलिका जेल ठेवा आणि पावसाळा संपला की ते बदला. कार्डावर काही लिहायचंच तर मऊ पेन्सिलीनं, पाठीच्या कोपऱ्यात.

तुमच्या गठ्ठ्यापुरतं सांगायचं तर दोन ढीग करा, कोरी आणि लिहिलेली. लिहिलेल्यांपासून सुरुवात करा. प्रत्येकाच्या दोन्ही बाजू ६०० डीपीआयनं स्कॅन करा, कडा कापू नका, आणि फाइलच्या नावात तिन्ही तारखा घाला: फोटो, छपाई, टपाल. जी अजून माहीत नाही तिथे शून्य लिहा.